वरची खिडकी

(मेक्सिको शहराच्या पूर्व टोकाला इझ्तापालापाची टेकडी. अरुंद गल्ली, समोरासमोर दोन घरं. सकाळची वेळ. ओफेलिया आपल्या फाटकात उभी आहे, तोमासा गल्लीत. दोघींच्या डोक्यावरून रोपवेचे पाळणे सरकताहेत.)

ओफेलिया: वरच्या नाही. खालच्या खिडकीला बांधा हवी तर. एक दोरी बांधा, चार बांधा, गज मजबूत आहेत. वरच्या खिडक्यांना हात लावायचा नाही.

तोमासा: खालून बांधली तर ताडपत्री डोक्याला लागेल हो, दोन्या ओफेलिया. आमच्या बाजूने उंच आणि तुमच्या बाजूने ही एवढी. नवऱ्यामुलाकडची माणसं चांगली ताडमाड आहेत, ती काय वाकून जेवतील? आणि पाऊस आला तर सगळं पाणी तुमच्याच दारात. तुमच्या भल्याचंच सांगते.

ओफेलिया: चार वर्षांनी माझ्या दारात आलीस ती माझ्या भल्याचं सांगायला.

तोमासा: शनिवारी लग्न आहे. आमच्या नातीचं, यारेलीचं.

ओफेलिया: माहीत आहे. गल्लीत कुणी शिंकलं तरी मला ऐकू येतं. आणि तुझ्या घरात शिंकणारे काही कमी नाहीत.

तोमासा: पत्रिका पोचली ना? यारेली म्हणाली, मी स्वतः देऊन आले.

ओफेलिया: फाटकाच्या फटीतून सरकवली आणि पळाली. मी काय चावते तिला? या अंगणात मी तिला चालायला शिकवलं. तुझ्या घरात चालायला जागा कुठे होती? एक पाऊल टाकलं की कुणाच्या तरी अंथरुणावर पडायची.

तोमासा: ते खरं आहे, दोन्या ओफेलिया.

ओफेलिया: आणि परक्या बाईला म्हणावं तसं हे दोन्या-बिन्या काय लावलंयस? तुझ्या फेलिपेच्या बाप्तिस्म्याला धर्ममाता म्हणून त्याला हातांवर घेऊन मी उभी होते. त्या दिवसापासून मी तुझी कोमाद्रे, तू माझी. एका बादलीत कपडे धुतलेत आपण. आता मला तुम्ही म्हणायला जीभ बरी रेटते तुझी.

तोमासा: भीती वाटते म्हणून म्हणते.

ओफेलिया: कसली?

तोमासा: तुझी. आणखी कुणाची?

ओफेलिया: आत ये. वरून पाळण्यातली माणसं बघताहेत. सकाळपासून त्यांना दुसरं काम नाही. काल मी परकर वाळत घातला तर एका पोराने मोबाइल काढला.

तोमासा: आमच्याकडेही तेच. सूनबाई म्हणते, आता गच्चीवर जाताना पावडर लावून जावं लागतं. पण सोय झाली हं. पूर्वी खाली भुयारी गाडीपर्यंत उतरायला बसमध्ये अर्धी सकाळ जायची, आता तरंगत जातात. यारेलीचा होणारा नवरा तिथेच लागलाय, वरच्या स्थानकावर. दारं लावतो, म्हाताऱ्यांना हात देतो. उरिएल नाव.

ओफेलिया: पाहिलाय. मला हात दिला त्याने. मी म्हटलं, बाबा, मी चढते माझी मी, तू ते दार धर. हसला. दात चांगले आहेत. बस. कॉफी आत्ताच उतरवली आहे, दालचिनी जरा जास्त पडलीय.

तोमासा: तुझी नेहमीच जास्त पडते.

ओफेलिया: तरी तू दोन कप प्यायचीस. पाव घे. कडक झालाय, बुडवून खा.

तोमासा: किती स्वच्छ ठेवलंयस गं घर. आणि किती शांत. माझ्या कानात घंटा वाजायला लागली बघ या शांततेने.

ओफेलिया: सवय होते.

तोमासा: आमच्याकडे लग्नाचा मोले रस्सा शिजवायला तीन हंडे आलेत, ते ठेवायचे कुठे हाच प्रश्न. एक जिन्यात, एक न्हाणीघरात. सकाळी थोरला ओरडला, हंडा काढा, मला आंघोळ करायची आहे. मी म्हटलं, हंड्यात बसून कर. मधे ती विद्यापीठातली मुलगी आली होती ना, घराघरात विचारत फिरत होती, एका खोलीत किती जण झोपतात म्हणून? तिला मी विचारलं, बाई, दिवसाचे विचारतेस की रात्रीचे? थोरला रात्रपाळीचा. तो उठला की त्याच गादीवर धाकट्याची पोरं लोळतात. ती बिचारी पेन्सिल तोंडात धरून बसली.

ओफेलिया: माझ्याकडेही आली होती. म्हणाली, आजी, शहरातली गर्दी कमी करायला काय करावं असं तुम्हाला वाटतं? मी म्हटलं, तू कुठे राहतेस? म्हणाली, मावशीकडे, आम्ही पाच जणी एका खोलीत. मी म्हटलं, मग आधी तू जेवून घे, गर्दीचं नंतर बघू.

तोमासा: जेवली?

ओफेलिया: दोनदा वाढलं. पण तिने मला तो प्रश्न विचारला नाही. या घरात किती जण झोपतात तो. अंगणात उभी राहून वर नजर टाकली, त्या बंद खिडक्यांकडे, आणि पुढचं विचारलंच नाही. शहाणी पोर.

तोमासा: कोमाद्रे, ताडपत्रीचं मी दुसरीकडूनही बघितलं. खांब रोवावेत तर गल्लीला सिमेंट. कोपऱ्यावरच्या मैदानात करावं तर तिथे शनिवारी बाजार. सभागृह भाड्याने घ्यायचं म्हणजे नवऱ्यामुलाने गाडी विकायची, आणि त्याच्याकडे गाडी नाही. आपल्याकडे कुणाचं लग्न, कुणाचं मर्तिक गल्लीत झालं नाही? तुझ्या एरास्तोला सुद्धा आपण गल्लीतच निरोप दिला. तेव्हा माझ्या खिडकीला दोरी होती.

ओफेलिया: विसरले नाही मी.

तोमासा: मी ऐकवत नाहीये.

ओफेलिया: ऐकवतेयस. पण बरोबर ऐकवतेयस. एरास्तोला ती ताडपत्री आवडली असती. निळी होती. म्हणाला असता, बघा, गल्ली अरुंद ठेवली म्हणून छोट्या ताडपत्रीत भागलं.

तोमासा: ठेवली म्हणे. चोरली.

ओफेलिया: आधी कुणी सरकवला हद्दीचा दगड?

तोमासा: तुझ्या नवऱ्याने.

ओफेलिया: तुझ्या. माझ्या डोळ्यांदेखत. वस्ती बसली तेव्हा पुढाऱ्यांनी चुन्याच्या रेघा मारल्या होत्या, पाण्याचा टँकर आरामात येईल एवढी गल्ली. सगळा डोंगर काळा दगड, एक झाड नाही, पुठ्ठ्याच्या भिंती. आणि तुझा फेलिसिआनो काय म्हणाला? एक पाऊल पुढे घेतो, चुलीला जागा होईल. मग एरास्तो म्हणाला, त्याने घेतलं तर मी का मागे? मग शेजारच्याने, मग त्याच्या शेजारच्याने.

तोमासा: आणि पहिला टँकर आला तो कोपऱ्यावरच अडकला.

ओफेलिया: ड्रायव्हर खाली उतरून डोकं धरून बसला होता.

तोमासा: अजून अडकतोय. अजून पाण्याच्या दिवशी अख्खी गल्ली पाईप ओढत कोपऱ्यापर्यंत जाते. कुणाकडून चोरलं म्हणावं? आपणच आपल्याकडून.

ओफेलिया: तरी तेव्हा एकमेकांना विचारून तरी चोरायचे. एरास्तो तुझ्या नवऱ्याकडे गेला होता, म्हणाला, मीही सरकवतो हं. दोघे हसले, दोघांनी मिळून दगड उचलला.

तोमासा: बोल. जे बोलायचंय ते बोल. मी त्यासाठीच पाव बुडवत बसलेय.

ओफेलिया: तिसरा मजला बांधलास त्याचा राग नव्हता मला. पोरं वाढतात, घर वर जातं. सगळ्या डोंगराचं तेच आहे. पण एके सकाळी मी केस धुऊन अंगणात खुर्ची टाकली आणि ऊन आलंच नाही. वर बघितलं तर भिंत. आणि भिंतीवर कोण? माझाच फेलिपे, थापी हातात. माझा धर्मपुत्र. मला बघून त्याने टोपी काढली आणि तोंड फिरवलं. एका शब्दाने कुणी सांगितलं नाही. निदान विचारायचं होतंस.

तोमासा: विचारलं असतं आणि तू नाही म्हणाली असतीस तर? त्याला तिसरं होणार होतं. त्या पोराला टांगलं असतं कुठे, दिव्याला?

ओफेलिया: मी हो म्हटलं असतं.

तोमासा: म्हणाली असतीस?

ओफेलिया: हो म्हटलं असतं आणि मग मरेपर्यंत रोज तुला ऐकवलं असतं. त्यात काही वाईट नव्हतं. आपण बोलत तरी राहिलो असतो.

तोमासा: चुकलं माझं.

ओफेलिया: आणखी एक कप घे. आता मला खरं सांग. महिनाभर तुझ्या दारात वाळूचा ढीग होता. विटा होत्या. मी रोज बघत होते, म्हटलं, झालं, चौथा मजला. नव्या जोडप्यासाठी. आता दुपारचं ऊनही गेलं. परवा बघते तर ढीग नाही. वर चढवलास ना?

तोमासा: विकला. खालच्या चौकातल्या लोहाराला. तो गाळा वाढवतोय.

ओफेलिया: का?

तोमासा: पाया कच्चा आहे म्हणे. भार झेपणार नाही.

ओफेलिया: कोण म्हणे? फेलिपे? त्याने स्वतः पाया घातलाय. गच्चीवरून सळया अजून वर डोकावताहेत, गंजू नयेत म्हणून त्यांच्यावर बाटल्या उपड्या घातल्यात, तिसरा मजला झाला तेव्हापासून. त्या काय शोभेला? खरं सांग, तोमासा.

तोमासा: मी नको म्हटलं.

ओफेलिया: तू?

तोमासा: मी गच्चीवर कपडे घालायला जाते ना, तिथून तुझं अंगण दिसतं. अकरा वाजले की उन्हाची एक पट्टी येते. तू खुर्ची आणून तिच्यात ठेवतेस. पट्टी सरकली की तूही सरकवतेस. पुन्हा सरकली की पुन्हा. शेवटी तुझी खुर्ची अंगणाच्या भिंतीला जाऊन टेकते, पुढे जागाच नसते, आणि तू उठून आत जातेस. मी रोज बघते. ओले कपडे हातात घेऊन उभी राहते. फेलिपेने वाळू आणली तेव्हा मी त्याला वर नेलं आणि म्हटलं, हे बघ. खुर्ची भिंतीला टेकेपर्यंत तो बघत राहिला. दुसऱ्या दिवशी लोहाराकडे गेला.

ओफेलिया: मला कुणी सांगितलं नाही.

तोमासा: काय सांगायचं? काही बांधलं नाही हे सांगायला कुणी येतं का?

ओफेलिया: मग पोरगी कुठे राहणार?

तोमासा: उत्तरेला. शहर संपतं त्याच्याही पुढे नवी वसाहत आहे, तिथे एक खोली बघितलीय. मी गेले होते रविवारी. घरं सगळी एका साच्यातली, रंगही एक. परत येताना दार कुठलं होतं तेच कळेना. झाड नाही, दुकान नाही, कुणी दारात बसलेलं नाही. जागा मात्र भरपूर. उरिएलला पहाटे अंधारात निघावं लागेल आणि परत येईल तोही अंधारात. पोरगा दिवसभर लोकांना डोंगरावरून झटक्यात खाली पोचवणार आणि स्वतः बसमध्ये उभ्याने झोपणार. यारेलीचं दातांच्या दवाखान्यातलं काम सुटेल बहुतेक. म्हणते, आजी, मी रविवारी येत जाईन. पहिला महिना येईल. मग एखादं मूल होईल, मग कुठली यायला.

ओफेलिया: ती अजून तुझ्याजवळच झोपते?

तोमासा: पाठचं झालं तेव्हा आईकडून उठवून मी माझ्या पलंगावर घेतली, ती आजतागायत. भिंतीकडची बाजू तिची. थंडीत तिचे पाय बर्फ असतात, माझ्या पोटऱ्यांना लावते, रोज मी ओरडते. आयुष्यभर देवाकडे मागितलं, बाबा, हातपाय पसरता येतील एवढी जागा दे. आता शनिवारी देणार आहे. नको वाटतेय मला.

ओफेलिया: रडू नकोस. कॉफी खारट होईल.

तोमासा: मी दोरीसाठी आले होते. हे काही बोलायचं नव्हतं. तू खालची खिडकी दे, आम्ही मधे बांबू लावून उचलू ताडपत्री. तुझ्या वरच्या खोल्या मुलांच्या आहेत, मला काय कळत नाही?

ओफेलिया: दर शनिवारी चादरी बदलते मी तिथल्या. कुणी झोपलेलं नसतं तरी. फिदेन्सिओने पैसे पाठवले तेव्हा लिहिलं होतं, आई, फरशी निळी घाल आणि न्हाणीघरात गरम पाणी कर. रोहेलिओने खिडकी मोठी करायला सांगितली. त्यांना वाटायचं, दोन वर्षं शिकागोत काढू आणि येऊ. गरम पाण्याचा तो नळ एकदाच सोडलाय, प्लंबरने. मी खाली स्वयंपाकघरात झोपते.

तोमासा: अजून म्हणतात ना, डिसेंबरात येतो?

ओफेलिया: दर वर्षी म्हणतात. नातवंडं फोनवर नुसती हसतात, त्यांना माझी भाषा येत नाही. मीही हसते. गेल्या रविवारी फिदेन्सिओ म्हणाला, आई, घर घेतलं इथे. अंगण आहे. मी विचारलं, ऊन येतं का रे अंगणात? म्हणाला, आई, इथे बर्फ येतो.

तोमासा: कोमाद्रे.

ओफेलिया: कुणाला सांगितलं नाही अजून. तुला सांगायला चार वर्षं कुणी समोर नव्हतं.

यारेली: आजी, आहेस का इथे? दोन्या ओफेलिया, आत येऊ? बाबांनी ताडपत्री आणली, सगळे दोरी धरून गल्लीत उभे आहेत आणि मला मेसेजवर मेसेज येताहेत. कुठे बांधायची ते सांगा फक्त, मी जाते.

ओफेलिया: ये. इकडे ये. त्या दिवशी पळालीस कशाला?

यारेली: तुम्ही रागावल्या आहात असं सगळे म्हणायचे.

ओफेलिया: रागावलेलीच होते. तुझ्यावर नाही. पाव खा. ते फ्रिजवर डबा आहे ना, त्याच्या मागे किल्ली आहे. घे.

यारेली: ही? लाल दोरीची?

ओफेलिया: तीच. जिन्याने वर जा, उजवीकडची खोली. दोरी वरच्या खिडकीला बांध. आणि वर गेलीस की जरा नीट बघ. पलंग दाराकडे आहे, तुम्हाला दुसऱ्या भिंतीला हवा असेल तर उरिएलला बोलावून सरकवून घे. लग्नाच्या गडबडीत नंतर वेळ मिळणार नाही.

यारेली: आम्हाला? आजी, त्या काय म्हणताहेत?

तोमासा: मला विचारू नकोस. तिलाच विचार.

ओफेलिया: म्हणतेय एवढंच की खोली रिकामी आहे आणि रोपवेचं स्थानक वरच्या वळणावर आहे. ती उत्तरेची खोली ज्यांना तेवढी जागा हवी असेल त्यांना घेऊ दे. आणि भाड्याचं एक अक्षर काढलंस तर दोरी सोडून टाकेन, पाहुण्यांच्या डोक्यावर. जा आता, बाप ताटकळलाय तुझा.

तोमासा: जा गं. आणि जिन्यावरून धावू नकोस.

ओफेलिया: धावू दे. वर कुणी झोपलेलं नाही.

तोमासा: आणि फिदेन्सिओ आला तर? खरंच आला तर?

ओफेलिया: आला तर माझ्याजवळ स्वयंपाकघरात झोपेल. लहानपणी झोपायचाच. पाय बाहेर येतील त्याचे, येऊ देत.

तोमासा: मला काहीतरी द्यायचंय तुला. माझ्याकडे द्यायला काय आहे? माणसं आहेत, ती तुला नको असतील.

ओफेलिया: थोडी चालतील. आवाज कमी करणारी.

तोमासा: ऊन आहे. चौथा मजला नाही म्हटल्यावर माझ्या गच्चीवर सकाळपासून ऊन पडून असतं, त्या सळयांच्या मधे. तुझी खुर्ची तिथे ठेवू. केस धुतलेस की ये. दिवसभर सरकवावी लागणार नाही.

ओफेलिया: तुझे तीन जिने मी चढू? या गुडघ्यांनी?

तोमासा: यारेली हात धरून आणेल. तिला चालायला तूच शिकवलंस.

ओफेलिया: बाटल्या काढा मग त्या सळयांवरच्या. माझी शाल अडकायची.

तोमासा: बाटल्या राहू देत. सळया उघड्या टोचतील.

ओफेलिया: बरं, राहू देत.

यारेली: आजी. दोन्या ओफेलिया. इथून ऐकू येतंय? खिडकी उघडत नाहीये.

ओफेलिया: खालून धक्का दे, मग वर उचल. रोहेलिओच्या हट्टाने मोठी केलीय, जड आहे.

यारेली: उघडली. अगं आजी, इथून तुझा पलंग दिसतो. तुझी उशी दिसते. कॅलेंडरवरची तारीख वाचता येतेय मला. हात लांब केला तर तुझ्या पडद्याला लागेल.

तोमासा: ऐकलंस, कोमाद्रे? तेवढ्यासाठीच सरकवले होते दगड त्या दोघांनी.

ओफेलिया: चोर कुठले.

यारेली: दोरी बांधली. बाबा म्हणताहेत, ताडपत्री छान उंच झालीय. मी येते खाली. खिडकी लावून घेऊ?

ओफेलिया: नको. राहू दे उघडी.